वडिलांच्या मोबाइलवर अँटीव्हायरस घ्यावा का?

मुळाक्षर यांचा प्रश्न

माझे वडील सत्तरी ओलांडलेले निवृत्त शिक्षक असून ते साताऱ्याजवळच्या गावी राहतात. त्यांच्याकडे काही वर्षांपूर्वी घेतलेला अँड्रॉइड मोबाइल आहे. निवृत्तिवेतन ज्या खात्यात जमा होते त्या बँकेचे ॲप, यूपीआयचे एक ॲप, व्हॉट्सॲपवरचे नातेवाइकांचे आणि माजी विद्यार्थ्यांचे समूह आणि यूट्यूबवरची कीर्तने एवढाच त्यांचा वापर. मध्यंतरी काच बदलून घेण्यासाठी ते तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात गेले असता दुकानदाराने "काका, यात बँकेचं ॲप आहे आणि अँटीव्हायरस नाही, खातं कधी रिकामं होईल सांगता येत नाही" असे म्हणून वर्षभराच्या परवान्याचा आग्रह धरला. मुलाला विचारून सांगतो म्हणून वडिलांनी वेळ मारून नेली आणि निर्णय माझ्यावर येऊन पडला.

घरच्या संगणकावर आम्ही वर्षानुवर्षे अँटीव्हायरस विकत घेत आलो आहोत, त्यामुळे पैसे देण्याला माझी हरकत नाही. शंका वेगळी आहे. माझ्या आयफोनवर असे काही नाही आणि ते घ्या असे मला आजवर कोणी सुचवलेलेही नाही. मग अँड्रॉइडला त्याची खरोखर गरज आहे, की संगणकाची सवय मोबाइललाही लावली जात आहे? आणि गरज असेलच, तर प्ले स्टोअरवर फुकट मिळणारी ढीगभर ॲप सोडून विकतचेच का घ्यावे? कृपया कारणांसह लिहावे, कारण वडील कारण विचारल्याशिवाय राहणार नाहीत.


तळघर यांचे उत्तर

विकतचा अँटीव्हायरस घेण्याची गरज नाही. मात्र "अँड्रॉइडवर व्हायरस येतच नाहीत" हे त्यामागचे कारण नाही. घातक ॲप येतात आणि भरपूर येतात. पण संगणकावर अँटीव्हायरस जे काम करतो, ते काम मोबाइलवर करण्याची मुभाच त्याला नसते.

विंडोजवर अँटीव्हायरस यंत्रणेच्या अगदी आत, खालच्या थरात बसतो. कोणती फाइल उघडली जात आहे, कोणता प्रोग्राम दुसऱ्याच्या स्मृतीत हात घालत आहे, हे तो त्या क्षणी पाहू शकतो आणि थांबवू शकतो. अँड्रॉइडची रचना लिनक्सवर उभी आहे आणि तिच्यात प्रत्येक ॲपला स्वतंत्र वापरकर्ता मानून त्याचा वेगळा क्रमांक दिला जातो. त्यामुळे एका ॲपची खासगी माहिती दुसऱ्याला वाचता येत नाही. हा नियम चोर ॲपला जसा लागू आहे, तसाच अँटीव्हायरसलाही लागू आहे, कारण यंत्रणेच्या दृष्टीने तोही बाहेरून आलेले आणखी एक ॲपच असतो. बँकेच्या ॲपमध्ये काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. मोबाइलवर कोणकोणती ॲप बसवलेली आहेत याची यादी तो पाहू शकतो, त्या ॲपच्या मूळ फाइली आपल्याकडच्या घातक ॲपच्या नोंदींशी ताडून पाहू शकतो, डाउनलोड झालेल्या फाइली तपासू शकतो आणि काही परवानग्या दिल्यास फसव्या दुव्यांबाबत सावध करू शकतो. घातक ॲप सापडले तरी ते तो स्वतःहून काढू शकत नाही. "काढून टाकायचे का?" असा प्रश्न तुमच्यासमोर येतो आणि होकार तुम्हालाच द्यावा लागतो.

यातले ताडून पाहण्याचे काम वडिलांच्या मोबाइलवर आजही चालू असणार, कारण गूगलने २०१७ साली प्ले प्रोटेक्ट या नावाने तीच सोय प्ले स्टोअरबरोबर देऊन ठेवली आहे. ती स्टोअरमधून घेतलेली ॲप तपासते आणि बाहेरून आलेलीही तपासते. तिला परवाना लागत नाही. शिवाय ती यंत्रणेचा भाग असल्यामुळे घातक ॲप निकामी करण्याचे किंवा थेट काढून टाकण्याचे अधिकारही तिच्याकडे आहेत, जे बाहेरच्या कंपनीच्या ॲपला मिळत नाहीत. शोधण्याच्या कामात काही नामांकित कंपन्या तिच्यापेक्षा सरस ठरतात, हे मान्य करायला हवे. पण वडील वापरतात तेवढ्या मोजक्या ॲपसाठी तो फरक वर्षाकाठी पैसे मोजण्याइतका आहे, असे मला वाटत नाही.

तुमच्या आयफोनवर तर इतर ॲप तपासण्याचीही मुभा नाही. ॲप स्टोअरवर "सुरक्षा" या नावाखाली जे विकले जाते ते व्हीपीएन (इंटरनेटची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय), फसवी संकेतस्थळे अडवणारी गाळणी किंवा पासवर्ड ठेवण्याची सोय असते. ॲपलने २०१५ साली अँटीव्हायरस म्हणवणारी काही ॲप स्टोअरवरून काढूनही टाकली होती. आयफोन अभेद्य आहे असा याचा अर्थ नाही. त्याच वर्षी एक्सकोडघोस्ट नावाचा प्रकार घडला. ॲप तयार करण्याच्या साधनाचीच भेसळयुक्त प्रत चिनी विकासकांमध्ये पसरली आणि वुईचॅटसारख्या प्रचंड वापराच्या ॲपमधून नको तो कोड स्टोअरवर पोहोचला. ती ॲप ॲपलने स्टोअरवरून हटवली. वापरकर्त्याच्या हातात तेव्हा सुधारित आवृत्ती घेण्यापलीकडे काही नव्हते.

मोबाइल व्हायरसची गोष्ट तशी जुनी आहे. २००४ साली सिंबियन यंत्रणेच्या फोनवर ब्लूटूथमधून पसरणारा कॅबिर आला होता आणि तोही आत येण्यापूर्वी फोनधारकाची संमती मागत असे. आजचीही बहुतेक घातक ॲप तशीच संमती घेऊन येतात, फक्त ती मागण्याची तऱ्हा अधिक कावेबाज झाली आहे.


रेघोट्या यांचे उत्तर

फुकट ॲपबद्दलचा तुमचा प्रश्न तळघर यांच्याकडून राहून गेला, म्हणून लिहितो. माझ्या मते विकतच्यापेक्षा या फुकट अँटीव्हायरसपासूनच जास्त जपायला हवे.

ऑस्ट्रियातील एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज ही संस्था अशा ॲपच्या चाचण्या घेते. २०१९ साली तिने अँड्रॉइडसाठी उपलब्ध असलेली २५० अँटीव्हायरस ॲप तपासली. २,००० घातक नमुन्यांपैकी ३० टक्क्यांहून अधिक नमुने ओळखू शकणारी ॲप निघाली फक्त ८०. काही ॲपची पद्धत तर अशी होती की ओळखीच्या नावांची एक पांढरी यादी जवळ ठेवायची आणि त्या यादीबाहेरचे सगळे घातक ठरवायचे. त्यातल्या काहींना स्वतःचे नाव त्या यादीत घालायचेही सुचले नव्हते आणि ती स्वतःलाच व्हायरस ठरवत होती. त्याआधी २०१४ मध्ये व्हायरस शील्ड नावाचे पैसे घेऊन विकले जाणारे ॲप प्ले स्टोअरवर चांगलेच वर चढले होते. त्याच्यावर बोट ठेवले की फुलीच्या चित्राजागी बरोबरची खूण यायची, याखेरीज ते काहीच करत नव्हते. ते उघडकीस येईपर्यंत १०,०००हून अधिक प्रती खपल्या होत्या आणि नंतर गूगलला ते काढावे लागले.

निरुपयोगी असणे परवडले. २०२२ साली शार्कबॉट हा बँक खाती लुटणारा प्रकार प्ले स्टोअरवर सापडला तो चक्क अँटीव्हायरसच्या वेषात. आपल्याकडे जून २०२० मध्ये सरकारने ज्या ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यांत क्लीन मास्टर आणि व्हायरस क्लीनर ही दोन्ही होती आणि एके काळी दर दुसऱ्या मोबाइलवर "मोबाइल साफ करा" म्हणणारे असे काहीतरी असायचेच.

नामांकित कंपनी म्हणजे निर्धोक, असेही समजू नये. अवास्ट या जुन्या कंपनीने संगणकावरील आपल्या अँटीव्हायरसमधून आणि ब्राउझरच्या विस्तारांमधून लोक कोणती संकेतस्थळे पाहतात याची माहिती गोळा करून ती जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकल्याबद्दल २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. जो पहारेकरी सगळे पाहतो, तो पाहिलेले कोणाला सांगतो, हाही प्रश्न विचारला पाहिजे.


वेशीवरचा यांचे उत्तर

मी तालुक्याच्या ठिकाणी मोबाइल दुरुस्तीचे काम करतो. तळघर यांचे तांत्रिक म्हणणे बरोबर असले, तरी "गरज नाही" हा निष्कर्ष मला तितकासा पटलेला नाही. आमच्याकडे जे मोबाइल येतात त्यांत प्ले स्टोअरमधून शिरलेले ॲप क्वचितच सापडते. सगळी वाट व्हॉट्सॲपची आहे. तिथे नेमके काय घडते ते सांगतो, म्हणजे वडिलांनाही समजावता येईल.

समूहात लग्नपत्रिका येते. पाठवणारा ओळखीचाच असतो, कारण त्याचा व्हॉट्सॲप आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो. पत्रिका म्हणजे चित्र किंवा पीडीएफ असायला हवी, पण फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके ही अक्षरे असतात, म्हणजे ते ॲप असते. लग्नसराई नसली की हीच फाइल वाहतुकीच्या दंडाची पावती, पीएम किसानचा हप्ता किंवा बँकेची केवायसी अशा नावांनी फिरते. वडीलधाऱ्यांनी ती दाबली की मोबाइल पहिल्यांदा अडवतो, "या स्रोतावरून अज्ञात ॲप बसवण्याची परवानगी नाही" असे सांगतो आणि सोबत सेटिंग्जचे बटणही दाखवतो. तिथे जाऊन कळ चालू केली की पहिले दार उघडले. मग प्ले प्रोटेक्टचा इशारा येऊ शकतो, पण त्यातही "अधिक तपशील" उघडला की खाली "तरीही इन्स्टॉल करा" असते. ॲप बसल्यावर ते एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. ती दिल्यावर पडद्यावर काहीच होत नाही, पत्रिका दिसत नाही, बऱ्याचदा ॲपचे चिन्हही गायब होते आणि "फाइल खराब असेल" म्हणून माणूस ते विसरतो. त्यानंतर येणारा प्रत्येक ओटीपी परस्पर दुसरीकडे जात राहतो.

हे ॲप प्ले स्टोअरवर न ठेवता व्हॉट्सॲपवरून का पाठवले जाते, याचेही कारण आहे. एसएमएस आणि कॉलची नोंद वाचण्याची परवानगी कोणत्या ॲपला मागता येईल यावर गूगलने २०१९ पासून स्टोअरमध्ये कडक बंधने घातली. लग्नपत्रिकेच्या ॲपला ती तिथे मिळणारच नाही, म्हणून चोरांनी आडवाट धरली. २०२४च्या अखेरीस गूगलने भारतात प्ले प्रोटेक्टची आणखी एक पायरी चाचणीदाखल आणली. ब्राउझर, व्हॉट्सॲप किंवा फाइल व्यवस्थापकातून आलेले ॲप एसएमएस, सूचना किंवा ॲक्सेसिबिलिटी यांसारख्या नाजूक परवानग्या मागणारे असेल, तर ते बसवणेच ती रोखते आणि तिथे "तरीही" म्हणण्याची सोय नसते. म्हणून आता चोर फोन करून आधी प्ले प्रोटेक्टच बंद करायला सांगतात.

ॲक्सेसिबिलिटी ही परवानगी तर एसएमएसपेक्षाही वाईट आहे. दृष्टी अधू असलेल्यांना पडदा वाचून दाखवता यावा म्हणून केलेली ही सोय एकदा ॲपच्या हाती गेली, की ते पडद्यावरचे सारे वाचू शकते आणि तुमच्या वतीने बटणेही दाबू शकते. तळघर म्हणतात ती वेगवेगळ्या ॲपमधली भिंत तिथे कामाची राहत नाही, कारण भिंत न ओलांडता ते समोरच्या काचेतूनच पाहत असते.

आता माझा मुद्दा. जो माणूस दोन-तीन इशारे ओलांडून पुढे जातो, त्याच्यासमोर चौथा इशारा मराठीत आणि मोठ्या अक्षरांत आला, तर काही जण थांबतात. एवढ्यासाठी एखाद्या चांगल्या कंपनीचे ॲप असायला हरकत नाही. फुकट हवे असेल तर सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणन संस्थेच्या हैदराबाद केंद्राने तयार केलेले एम-कवच हे ॲप केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रामार्फत सुचवले जाते आणि त्याला परवाना शुल्क नाही.


तळघर यांचे उत्तर

वेशीवरचा यांनी वर्णन केलेली साखळी अचूक आहे आणि माझ्या मते तीच विकतच्या अँटीव्हायरसविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा आहे. फाइल दाबणे, स्रोताची कळ चालू करणे, इशारा ओलांडणे आणि परवानगी देणे ही चारही कामे माणसाने स्वतः केलेली आहेत. दर आठवड्याला या फाइली थोड्याशा बदलून नव्याने बांधल्या जातात, त्यामुळे जुन्या नोंदींशी ताडून पाहणाऱ्याला ताजी फाइल पहिल्या दिवसांत ओळखता येईलच असे नाही. त्यातून "अँटीव्हायरस आहे ना, मग दाबायला काय हरकत आहे" अशी बेफिकिरी आली, तर इशारा उलटा फिरेल. चौथ्या इशाऱ्याला थांबणाऱ्या माणसासाठी एम-कवच बसवण्याला मात्र माझा विरोध नाही, कारण त्यात जाण्यासारखे काही नाही.

दुसरी एक बाब मात्र इथे कोणी काढली नाही आणि माझ्या लेखी ती सर्वांत महत्त्वाची आहे. माणसाने काहीही न दाबता मोबाइल फोडता येतो का? येतो. जुलै २०१५ मध्ये स्टेजफ्राइट नावाची त्रुटी उघड झाली. नुसता एमएमएसमधून आलेला व्हिडिओ अँड्रॉइडने तपासायला घेतला, तरी आत शिरायला वाट मिळू शकत होती. इस्रायलच्या एनएसओ कंपनीचे पेगॅसस हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर तर २०२१ मध्ये आयमेसेज या ॲपलच्या संदेशसेवेतल्या त्रुटीतून, कोणतीही कळ न दाबता आयफोनमध्ये शिरत असल्याचे सिद्ध झाले. या दोन्ही प्रकारांत बाजारातला अँटीव्हायरस बघ्याच्या भूमिकेत राहतो. उपाय एकच, उत्पादकाने दिलेली सुरक्षा दुरुस्ती (सिक्युरिटी अपडेट). स्टेजफ्राइटनंतरच, म्हणजे ऑगस्ट २०१५ पासून, गूगलने दरमहा अशा दुरुस्त्या काढायला सुरुवात केली. पेगॅससचे लक्ष्य वडील नसतील, हे उघड आहे, पण जुन्या त्रुटी स्वस्त होत होत साध्या चोरांच्याही हाती येतात.

म्हणून मुळाक्षर यांनी वडिलांच्या मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये फोनविषयीच्या माहितीत जाऊन सुरक्षा दुरुस्तीची तारीख पाहावी. परवाना घ्यायचा की नाही, यापेक्षा ती तारीख अधिक बोलकी आहे.


मुळाक्षर यांचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. वडिलांना व्हिडिओ कॉलवर घेऊन एकेक गोष्ट पाहिली. प्ले प्रोटेक्ट चालू होते. अज्ञात ॲप बसवण्याच्या यादीत मात्र व्हॉट्सॲप आणि क्रोम या दोघांपुढेही परवानगी दिलेली आढळली. ती कोणी आणि कधी दिली हे वडिलांना आठवत नाही. दोन्ही बंद केल्या. ॲक्सेसिबिलिटीत काही नव्हते. सुरक्षा दुरुस्तीची तारीख मात्र २०२३ सालातली निघाली आणि अपडेट शोधले तर "आपला मोबाइल अद्ययावत आहे" असे उत्तर येते.

दोन शंका उरल्या आहेत. अशा मोबाइलचे काय करावे? आणि उद्या चुकून तसले ॲप बसलेच, तर पहिल्यांदा काय करावे?


वेशीवरचा यांचे उत्तर

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण तिथे मिनिटांचा हिशेब असतो. सर्वप्रथम मोबाइलचा डेटा आणि वायफाय बंद करून विमान मोडवर टाकावा, म्हणजे ओटीपी बाहेर जाणे थांबते. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते, कार्ड आणि यूपीआय थांबवायला सांगावे आणि पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी. त्या यंत्रणेमार्फत पैसे पुढच्या खात्यात अडवून ठेवता येतात, पण ते तिथून काढले जाण्याच्या आत. ॲप शोधत बसण्याचे काम यानंतरचे.

ते सहज निघत नसेल तर मोबाइल सेफ मोडमध्ये सुरू करावा, त्यात बाहेरून बसवलेली ॲप चालत नाहीत. बहुतेक मोबाइलवर बंद करण्याचे चित्र दाबून धरले की ती सोय दिसते. मग डिव्हाइस ॲडमिन (मोबाइलवर विशेष अधिकार दिलेली ॲप) आणि ॲक्सेसिबिलिटी या याद्यांतून त्याचे नाव काढून ते अनइन्स्टॉल करावे. तरीही खात्री वाटत नसेल, तर छायाचित्रे दुसरीकडे उतरवून घेऊन मोबाइल पूर्ण पुसून मूळ स्थितीत आणावा. ग्राहक पाहिजे तर नाराज होतो, पण बँकेचे ॲप असलेला मोबाइल मी त्याशिवाय परत देत नाही.

पैसे परत मिळण्याबाबत रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक आहे. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा व्यवहाराची माहिती तीन कामकाजाच्या दिवसांत दिली, तर ग्राहकावर भुर्दंड येत नाही. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असेल, तर तो बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे स्वतःचे धरले जाते. स्वतः बसवलेल्या एपीकेच्या बाबतीत बँका दुसऱ्या कलमावरच बोट ठेवतात, म्हणून कळवण्याची वेळ आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा.


तळघर यांचे उत्तर

ज्या मोबाइलला २०२३ नंतर दुरुस्ती आलेली नाही, त्याला उत्पादकाने वाऱ्यावर सोडले आहे असे समजावे. प्ले प्रोटेक्ट आणि क्रोम त्यावरही अद्ययावत होत राहतील, पण मूळ यंत्रणेतली भोके बुजणार नाहीत आणि ती बुजवणे अँटीव्हायरसच्याही आवाक्यातले नाही. मी असतो तर परवान्याचे पैसे नव्या मोबाइलकडे वळवले असते. नवा घेताना कॅमेऱ्याआधी दुरुस्त्या किती वर्षे मिळणार ते विचारावे. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ पासून सात वर्षांचा शब्द दिला आहे. ते महाग आहेत, पण आता कमी किमतीच्या काही मोबाइलनाही चार-पाच वर्षे मिळतात.

तोवर बँकेचे आणि यूपीआयचे ॲप जुन्या मोबाइलवर ठेवायचेच असेल, तर ते निवृत्तिवेतनाच्या खात्याऐवजी थोडी शिल्लक असलेल्या वेगळ्या खात्याला जोडावे. दर महिन्याला लागेल तेवढी रक्कम शाखेतून त्यात वळती करण्याची सूचना बँक कागदावर घेते, त्यासाठी मोबाइल लागत नाही.